बंद घरांची शाकारणी : एका वाडीच्या प्रकल्प नोंदी, २०२५

१२ जानेवारी २०२५, रविवार

राजापूर तालुक्यातील आमच्या वाडीत २३ घरे आहेत. आज सकाळी मी, वाडीचे गावकर आणि गवंडीकाम जाणणारा माझा पुतण्या अशा तिघांनी वरच्या पाणंदीपासून खालच्या वहाळापर्यंत प्रत्येक घर बाहेरून पाहिले आणि वहीत त्याची नोंद केली. नऊ घरांची स्थिती चिंता वाटावी अशी आहे. त्यांपैकी सहा घरे वर्षभर बंद असतात. त्यांचे मालक मुंबई, ठाणे, डोंबिवली आणि नालासोपारा येथे राहतात आणि गणपतीला, फार तर शिमग्याला येतात. उरलेल्या तीन घरांत माणसे राहतात, तरीही त्या घरांची रया गेली आहे.

सर्वत्र दिसणारी लक्षणे सारखीच आहेत. माथ्याची कौले सरकली आहेत, पडवीचे वासे वाळवीने पोखरले आहेत, खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, कमरेएवढे रान माजले आहे आणि गडगे, म्हणजे दगडी कुंपणे, ठिकठिकाणी ढासळले आहेत. चार घरांच्या जांभ्याच्या भिंतींवर मागच्या पिढीने सिमेंटचा गिलावा केला होता. तो आता फुगून ताटाएवढ्या पोपड्यांनी गळत आहे. जांभा सच्छिद्र असतो, तो पावसाळ्यात पाणी पितो आणि उन्हाळ्यात ते सोडतो. सिमेंटने त्याची वाट बंद केली की ओल आतच कोंडते आणि शेवटी गिलाव्यालाच ढकलून बाहेर काढते. आमच्या पट्ट्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. अशा ठिकाणी भिंतीला श्वास घेऊ देणारा चुनाच योग्य, असे माझे स्पष्ट मत आहे.

या वर्षी गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला आहे. त्यापूर्वी नऊपैकी निदान पाच घरांचे छप्पर, पन्हळ, गडगा, खळे आणि दर्शनी भिंत, याच क्रमाने, नीट करून घ्यावे, हा या प्रकल्पाचा हेतू आहे. दर्शनी भिंत, म्हणजे तिचा रंग, शेवटी लिहिला आहे तो विचारपूर्वक. पाणी अडवल्याशिवाय दिलेला रंग दुसऱ्या पावसाळ्यात उतरतो.

माझ्या घराच्या उत्तरेस ७ क्रमांकाचे घर आहे. त्याची पन्हळ तुटल्यापासून त्या बाजूची सगळी पागोळी माझ्या जोत्यावर पडते, त्यामुळे या कामात माझा स्वार्थ नाही असे मी म्हणणार नाही. परंतु ज्या ओटीवर बसून मी पाढे पाठ केले, त्या ओटीवर आता मुंगुसे फिरतात, हे रोज सकाळी पाहणे जोत्याच्या ओलीपेक्षा अधिक जड जाते.

२६ जानेवारी, रविवार

ग्रामसभेत विषय मांडला. एखादे घर पडून कोणाच्या जिवाला धोका होणार असेल किंवा घाणीमुळे आरोग्यास अपाय होत असेल, तर पंचायत लक्ष घालू शकते. परंतु घर दिसायला वाईट आहे, एवढ्या कारणावरून कोणालाही नोटीस काढता येणार नाही, असे सांगण्यात आले. ते मला पटले. घराच्या रूपावर कायद्याचा बडगा उगारावा, अशी माझीही इच्छा नाही.

नमुना ८ च्या नोंदवहीतून नऊही घरांच्या नोंदी पाहिल्या. त्यांपैकी सात जुन्या घरांवर आजही वारलेल्या माणसांची नावे आहेत. ही नोंदवही घरपट्टीच्या आकारणीसाठी असते, तिच्यावर नाव असल्याने मालकी सिद्ध होत नाही. तरीही घरोघरी भांडणे याच नोंदीवरून होतात. हे ध्यानात ठेवले पाहिजे.

९ फेब्रुवारी, रविवार

आज माझ्या हातून चूक झाली. तिची नोंद सविस्तर करणे आवश्यक आहे.

वाडीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर मी नऊ घरांची छायाचित्रे टाकली आणि खाली लिहिले की, ‘या घरांमुळे संपूर्ण वाडीची शोभा जाते, संबंधितांनी पावसाळ्यापूर्वी दखल घ्यावी.’ घर क्रमांकही दिले. तासाभरात दोघे जण गटातून बाहेर पडले. ७ क्रमांकाच्या घरातील थोरल्या भावाचा फोन आला. ते माझ्याहून सहा वर्षांनी मोठे आहेत, मी त्यांना दादा म्हणतो. त्यांनी आवाज चढवला नाही. ‘तू आमच्या आईचं घर सगळ्यांसमोर उघडं टाकलंस,’ एवढेच बोलून त्यांनी फोन ठेवला. छायाचित्रात पडवीचे मोडके दार होते, त्यातून आतल्या देवघराचा कोनाडा दिसत होता. तो मी पाहिलाच नव्हता.

१६ फेब्रुवारी, रविवार

छायाचित्रे त्याच रात्री काढून टाकली होती. या आठवड्यात नऊही घरांच्या माणसांना एकेक करून फोन केले आणि क्षमा मागितली. सात जणांनी ती स्वीकारली. दादांनी फोन उचलला नाही, म्हणून त्यांना पोस्टाने पत्र पाठवले आहे.

यापुढचा नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला : कोणत्याही घराचे छायाचित्र त्या घरच्या माणसाखेरीज कोणालाही पाठवायचे नाही, आणि विषय समोरासमोर, त्यांच्याच ओटीवर बसून काढायचा.

१६ मार्च, रविवार

शिमग्याला मुंबईकर आले आहेत. आमच्या वाडीत देवाची पालखी घरोघरी जाते आणि ज्या घराचे दार उघडे असेल, तेथेच तिची ओटी भरली जाते. ७ क्रमांकाचे दार गेली चार वर्षे उघडले नव्हते. या वर्षी दादा आणि त्यांचा मधला भाऊ दोघेही आले. काल दिवसभर त्यांनी आणि आमच्या घरातील मुलांनी मिळून खळ्यातील रान कापले, कारण पालखी नाचवायला जागा लागते. त्या कामाबद्दल आमच्यात एक शब्दही झाला नाही. मी कोयता घेऊन गेलो आणि दादांनी मला सरकून जागा दिली.

पालखी पुढे गेल्यावर आम्ही ओटीवर बसलो. घर असे का राहिले, हे तेव्हा मला प्रथमच नीट समजले. त्यांचे वडील गिरणगावात कामाला होते आणि हे घर त्यांच्या पगारातून उभे राहिले. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला आणि गावाकडे येणारा पैसा थांबला, तो पुन्हा सुरू झाला नाही. पुढे वडील गेले आणि तिघा भावांत घराची वाटणी झालीच नाही. धाकट्याने एकदा स्वखर्चाने पत्रे घालायचे ठरवले, तेव्हा मधल्याला वाटले की हा घरावर ताबा सांगणार. मधल्याने पन्हळ बसवायचे म्हटले, तेव्हा थोरल्याला तेच वाटले. तेव्हापासून कोणीही खिळा ठोकला नाही. येथे खर्च करणे म्हणजे हक्क सांगणे, असा अर्थ बसला आहे, आणि हक्क सांगणारा वाईट ठरतो. म्हणून भावाला दुखवू नये एवढ्यासाठी तिघांनीही घर पडू दिले.

मी आजवर यास निष्काळजीपणा समजत होतो. नऊपैकी पाच घरांची कथा थोड्याफार फरकाने हीच आहे, असे आज आणखी दोन ओट्यांवर बसल्यावर कळले.

२३ मार्च, रविवार

यावर उपाय म्हणून संमतीपत्राचा मसुदा केला. राजापूर येथील एका वकिलांना तो दाखवून घेतला. त्यातील मुख्य वाक्य असे आहे : ‘सदर घराची डागडुजी सर्व वारसांच्या संमतीने व समान खर्चाने होत असून, या डागडुजीमुळे कोणाही वारसाचा हक्क, हिस्सा अथवा ताबा वाढत किंवा कमी होत नाही.’

वकिलांनी एक महत्त्वाची उणीव दाखवली. मी केवळ भावांच्या सह्यांसाठी जागा ठेवली होती. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये हिंदू वारसा कायद्यात केलेल्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलींनाही मुलांप्रमाणेच हक्क आहे, तेव्हा बहिणींच्या सह्यांशिवाय हे पत्र अपुरे आहे. ७ क्रमांकाला दोन बहिणी आहेत. घराविषयी त्यांना इतक्या वर्षांत कोणीही, मीसुद्धा, काही विचारलेले नव्हते.

३० मार्च, रविवार, गुढीपाडवा

नालासोपाऱ्याला राहणाऱ्या थोरल्या ताईंशी आज फोनवर अर्धा तास बोलणे झाले. त्यांनी सही देण्याचे लगेच कबूल केले आणि एकच गोष्ट मागितली. आई दर वर्षी गणपतीपूर्वी जोत्याला गेरूचा पट्टा काढत असे, तो पट्टा परत काढावा, बाकी रंग भावांना आवडेल तो द्यावा. हे वहीत ‘आवश्यक’ या रकान्यात लिहिले आहे.

सिमेंटच्या रंगाऐवजी चुना का, हेही त्यांना समजावून सांगितले. त्या म्हणाल्या की, ‘आमच्या लहानपणी चुनाच होता की.’

६ एप्रिल, रविवार

राहत्या घरांचा विषय आज हाती घेतला.

१२ क्रमांकाला काकी एकट्या राहतात. त्यांच्या पडवीवर फाटकी ताडपत्री आहे आणि दर्शनी भिंतीचा खालचा हातभर भाग ओलीने झिजला आहे. वाडीतर्फे काम करून देतो, असे म्हटल्यावर त्यांनी साफ नकार दिला. त्यांना दान नको होते, आणि माझ्या बोलण्याला दानाचाच वास होता. दुसऱ्या वेळी माझी पत्नी गेली. काकी माडाच्या झावळ्यांचे झाप उत्तम विणतात आणि पावसाळ्यात बंद घरांच्या पडव्यांना आडोसा म्हणून आम्हाला झाप लागणारच होते. त्यांनी सर्व घरांसाठी चौदा झाप विणून द्यायचे आणि त्याबदली वाडीने त्यांची पडवी शाकारायची, असे ठरले. काम सुरू होण्यापूर्वीच तीन झाप विणून तयार झाले आहेत.

१६ क्रमांकाच्या खळ्यात लोखंडी पाइप, जुने पत्रे आणि तुटके दरवाजे यांचा ढीग असतो. जानेवारीच्या पाहणीत मी त्यापुढे ‘भंगार’ असे लिहिले होते. तो माणूस पाहाड (बांधकामाची परांची) बांधण्याची आणि नळदुरुस्तीची कामे घेतो, आणि तो ढीग त्याच्या धंद्याचे सामान आहे. वहीतील शब्द खोडून दुरुस्त केला. मागच्या बाजूच्या मांगराचे (सामानाच्या खोपटाचे) छप्पर आम्ही नीट करून दिले तर सामान तिकडे हलवण्यास तो आनंदाने तयार आहे. शिवाय आमच्या सर्व कामांसाठी त्याने पाहाडाचे पाइप विनामूल्य देऊ केले.

२० एप्रिल, रविवार

चुनकळी आणली. शिंपल्यांच्या भट्टीचा चुना आता सहज मिळत नाही, परंतु या वेळी दोन पोती मिळाली. शाळेमागच्या टाकीत ती विरवली. कळीवर पाणी पडताच ती खदखदून उकळते आणि शिंतोडे उडतात, म्हणून मुलांना दूर ठेवले आणि काम करणाऱ्यांना चष्मे दिले. डोळ्यात चुना गेल्याने दृष्टी गेलेला माणूस मी माझ्या लहानपणी पाहिला आहे, त्यामुळे या बाबतीत कोणाचीही घाई ऐकली नाही. चुना किमान तीन आठवडे पाण्याखाली राहील, मग गाळून, मीठ व डिंक घालून पातळ हात द्यायचे. एका जाड हातापेक्षा तीन पातळ हात टिकतात, कारण चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू दगडासारखा घट्ट होतो आणि जाड थराच्या आतपर्यंत हवा पोहोचत नाही.

अडचण मजुरांची आहे. हापूसची काढणी ऐन भरात आहे. छपरावर चढणारे सर्व हात सध्या आंब्याच्या झाडांवर आहेत आणि १५ मेपर्यंत कोणी मोकळे होणार नाही. कौले उतरवण्याचे काम त्यामुळे २० मेला ठेवले. पाऊस सर्वसाधारणपणे जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो, म्हणजे पंधरा दिवस हाती राहतील असा हिशेब केला आहे.

४ मे, रविवार

४ क्रमांकाच्या मागील भिंतीतील पिंपळ काढला. रोपटे वरून दोन हातच होते, परंतु मुळे चिऱ्यांच्या सांध्यांतून सहा फूट आत गेली होती. नुसते खोड कापले तर पिंपळ दुप्पट जोमाने फुटतो, म्हणून पाच चिरे मोकळे करून मुळे बाहेर ओढली, पोकळीत मोरचुदाचे पाणी ओतले आणि चिरे चुन्यात पुन्हा बसवले. पिंपळाला हात लावण्यास घरमालकांचे मन घेत नव्हते. गुरवांना विचारून ते रोप देवळामागच्या सड्यावर लावले, तेव्हा त्यांनी होकार दिला.

१७ मे, शनिवार

७ क्रमांकाच्या संमतीपत्रावर पाचवी सही आली. ती धाकट्या भावाची. एकूण अंदाज ४१,६०० रुपये, म्हणजे पाच जणांचे प्रत्येकी ८,३२०. सर्व रक्कम जमा झाली आहे.

२० मे, मंगळवार

सकाळी सहा जण छपरावर चढले. कौले उतरवताना माथ्याजवळच्या एका ओळीत बासल मिशन टाइल वर्क्स आणि १८६५ असा ठसा असलेली अकरा कौले निघाली. मंगळुरूचा तो कारखाना त्या वर्षी सुरू झाला; कौले अर्थातच नंतरच्या काळातील असणार, तरी एकही फुटलेले नाही. ती वेगळी ठेवली आहेत, पडवीच्या दर्शनी ओळीत लावायची. दुपारपर्यंत उत्तरेकडचे अर्धे छप्पर उघडे झाले. दोन वासे आणि ३४ रिपा बदलाव्या लागतील.

संध्याकाळी पाचला दक्षिणेकडून ढग आले आणि सातला पाऊस सुरू झाला. हा वळिवाचा पाऊस असून तासाभरात थांबेल, असे सर्वांचे म्हणणे पडले. तो थांबला नाही. १६ क्रमांकाने पाइप आणले, काकींनी झाप दिले आणि रात्री अकरापर्यंत आम्ही उघड्या वाशांवर ताडपत्र्या बांधत होतो. माजघरातील लाकडी पेटी आणि देवघरातील टाक माझ्या घरी आणून ठेवले. दादांना फोन करून जसे आहे तसे सांगितले.

२५ मे, रविवार

पाच दिवस पाऊस आहे. अरबी समुद्रातील कमी दाबाचे क्षेत्र काल रत्नागिरी आणि दापोली यांच्या दरम्यान किनारा ओलांडून गेले, आणि आज मॉन्सून देवगडपर्यंत पोहोचल्याचे हवामान खात्याने जाहीर केले. इतक्या लवकर पावसाळा लागलेला वाडीतील कोणाच्याही आठवणीत नाही. माझा हिशेब साफ चुकला.

७ क्रमांकाच्या माजघरात दोन ठिकाणी पाणी उतरले आहे. मातीची जमीन भिजली, भिंती मात्र धडधाकट आहेत. दादा आज रात्रीच्या गाडीने निघत आहेत.

४ जून, बुधवार

गेल्या काही दिवसांत उघडीप मिळाली. दादा स्वतः खाली उभे राहून कौले मोजून देत होते. चार दिवसांत छप्पर पूर्ण झाले, १८० नवी कौले लागली आणि पन्हळ बसली. काल सायंकाळी एक सर आली तेव्हा आम्ही दोघे मधल्या बोळात उभे राहून पाहिले; पाणी पन्हळीतून सरळ गटारात गेले आणि माझे जोते कोरडे राहिले.

बाहेरच्या भिंतींना चुना द्यायचा नाही, असा निर्णय घेतला. हात सुकण्यापूर्वी जोराची सर आली तर सगळा धुऊन जाईल आणि भावंडांचा पैसा वाया जाईल. छपराच्या आत येणाऱ्या ओटीच्या भिंतीला तेवढे तीन हात देणार आहोत.

२० जुलै, रविवार

पाच घरांची छपरे आणि पन्हळी पूर्ण झाल्या. त्यांत १२ क्रमांकाची पडवी आहे. १६ क्रमांकाचे खळे मोकळे झाले. दोन घरांकडून अद्याप उत्तर नाही. एकाने स्पष्ट नकार दिला आहे, त्यांना पुन्हा विचारायचे नाही. त्यांच्या खळ्यातील रान रस्त्यावर येते तेवढेच वाडीने कापावे, असे ठरले.

२७ ऑगस्ट, बुधवार, गणेश चतुर्थी

७ क्रमांकात तीन भाऊ आणि दोन बहिणी एकत्र आल्या. बाहेरून भिंती अजून काळ्या आणि शेवाळलेल्या आहेत, आणि पोपड्यांखालचा जांभा जागोजागी उघडा आहे. ओटी तेवढी पांढरीशुभ्र आहे. थोरल्या ताईंनी काल दुपारी गेरू कालवला आणि ओटीच्या जोत्याला हातानेच पट्टा काढला. पावसाच्या झडीने पायरीजवळचा थोडा भाग पुसला गेला, तो त्यांनी आज आरतीपूर्वी पुन्हा काढला.

३ सप्टेंबर, बुधवार

काल गौरी-गणपतींचे विसर्जन झाले आणि आज सर्व जण मुंबईला परतले. ७ क्रमांकाची किल्ली यंदा प्रथमच आमच्याकडे ठेवली आहे. दर पंधरा दिवसांनी दारे-खिडक्या उघडून घरात हवा खेळवायची आणि घराचे छायाचित्र केवळ त्या पाच भावंडांना पाठवायचे, असे ठरले.

नोव्हेंबरमध्ये भिंती सुकल्यावर करावयाची कामे : ७, ४ आणि १२ क्रमांकांच्या बाहेरील भिंतींवरचा सिमेंटचा गिलावा उतरवणे, चुन्याचे तीन हात देणे, ७ क्रमांकाच्या जोत्याला सर्व बाजूंनी गेरूचा पट्टा काढणे. टाकीत चुना शिल्लक आहे. त्यावर सतत वीतभर पाणी राहील, हे दर रविवारी पाहायचे आहे.